विचारा सिस्टरांना : घरभेटीला जा, पण सगळ्या मंडळीचं ओझं एकटीने उचलू नको

पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देते आणि ओळख पटेल असं काही ठेवत नाही.

"सिस्टर, सप्रेम सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे, वय ३८, झेडपीच्या शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. आमच्या पाळकसाहेबांकडे (पाद्री) तीन मंडळ्या, त्यांना घरोघरी जायला जमत नाही म्हणून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीने भेट समिती केली. आम्ही पाच जणी होतो, आता दोघीच उरलोय. एक आजोबा आहेत, आजी गेल्यापासून एकटेच असतात, मुलगा पुण्याला. ते मला रात्री-बेरात्री फोन करतात, प्रभूने आता न्यावं म्हणतात, आणि पेन्शन काढायला एटीएम कार्ड आणि पिन माझ्याकडेच दिलाय. माझे मिस्टर चिडतात, म्हणतात तू पगारी पाळक आहेस का. मला बायबल कॉलेजचं शिक्षण नाही, लोक रडायला लागले की काय बोलावं सुचत नाही. आणि एक गोष्ट, मंडळीतल्या एका भगिनीने शपथ घालून सांगितलं की नवरा मारतो. तो पंच आहे. मी हे फक्त माझ्या जोडीदारणीला बोलले, तिने चांगल्या मनाने प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकलं की एका पंचांच्या घरात शांती यावी म्हणून प्रार्थना करा. नाव नव्हतं घातलं. पण तेव्हापासून ती उपासनेला आलेली नाही. मी ही सेवा सोडून द्यावी का?"

सलाम गं. तुझ्या पत्रात जे सगळ्यात शेवटी, जाता जाता आलंय ना, तेच सगळ्यात जड आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. आजोबा दोन दिवस थांबू शकतात, ती बाई नाही.

नाव नव्हतं घातलं म्हणतेस, पण अशा मंडळीत पंच असतात किती, आणि त्यातले बायको-मुलं घरात असलेले किती, लोकांनी दहा मिनिटांत हिशोब लावला असेल आणि त्या ग्रुपवर तो पंच स्वतःही असणार. म्हणजे त्याला कळलंय की बायकोने बाहेर तोंड उघडलं. मारणाऱ्या माणसाला हे कळतं तो काळ बाईसाठी जास्त धोक्याचा असतो. तुझी जोडीदारीण वाईट नाही, ग्रुपवर असं टाकायची सवयच झालीये आपल्याला, पण आता आधी हे बघायचं की ती घरात कशी आहे.

फोन करू नकोस, मेसेज तर अजिबात नको, फोन तोच तपासत असेल. तिची मुलं तुझ्या किंवा जवळच्या कुठल्या शाळेत असतील तर शाळेच्या निमित्ताने भेट, नाहीतर दवाखाना, बाजार, कुठेही, फक्त तिच्या घरी आणि चर्चच्या आवारात नको. भेटल्यावर पहिलं वाक्य माफीचं. मी एकीला बोलले, तिथून ते ग्रुपवर गेलं, तुला विचारलं नाही, चूक आमची आहे, एवढंच. आमचा हेतू चांगला होता वगैरे लावत बसू नकोस. ती चिडली तर चिडू दे.

मग विचार की मेसेजनंतर घरात काय झालं, मुलांवर हात टाकतो का, दिवस गेलेत का, काही हत्यार दाखवलंय का, आणि गळा कधी आवळलाय का. हा गळ्याचा प्रश्न मुद्दाम सांगतेय. मी मिशन हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला ड्युटी केलीये, गळा आवळलेल्या बाईच्या मानेवर बाहेरून एक वळही दिसत नाही कधीकधी, आणि आतून सूज येऊन त्रास नंतर सुरू होतो. आवाज बसलाय, गिळायला दुखतंय, चक्कर येतेय असं काहीही म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि ज्याने एकदा गळ्याला हात घातला तो पुढे जीव घेण्यापर्यंत जाण्याचा धोका खूप वाढतो, हे इथले पोलीसवालेही सांगतील तुला. असं असेल तर हा 'घरचा वाद' राहिलेला नाही. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन नंबर तिला तोंडपाठ करायला सांग, कागदावर लिहून देऊ नकोस. आधार, पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स घराबाहेर कुठेतरी सुरक्षित ठेवता आल्या तर उत्तम, माहेरी वगैरे.

आणि तिला हे सांग, कारण आपल्या मंडळीतल्या बायकांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की आपल्याला कायदाच नाही, देवाने जोडलंय ते तोडायचं नाही म्हणजे गप्प बसायचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे, त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, त्याने हात लावू नये असा कोर्टाचा आदेश मिळू शकतो, खर्च मिळू शकतो. संरक्षण अधिकारी नावाची सरकारी व्यक्ती असते तिच्यामार्फत अर्ज करता येतो, आणि नगरला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील फुकट मिळतो, तिचा नवरा किती कमावतो याच्याशी काही देणंघेणं नसतं. पूर्वी आपल्या ख्रिस्ती कायद्यात, तो १८६९ चा घटस्फोटाचा, बाईला नुसतं मारहाणीवर सुटता येत नव्हतं, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागायचा, ते २००१ साली बदललं. आता छळ एवढंच कारण पुरतं. कितीतरी पंचांना हे माहीत नाही, किंवा माहीत असून सांगत नाहीत.

पण यातलं काय करायचं आणि कधी, ते ती ठरवणार. तू फक्त दार कुठे आहे ते दाखवायचं. तिच्या पाठीमागे जाऊन तक्रार करून येऊ नकोस, जीवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी. तशी वेळ आलीच तर त्याच कायद्यात सोय आहे की कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही बालंट येत नाही.

अजून एक, समेटाची बैठक होऊ देऊ नकोस. मला माहितीये काय होणार, कोणीतरी ज्येष्ठ म्हणणार की दोघांना समोरासमोर बसवू, बायबल वाचू, प्रार्थना करू, हातात हात देऊ. ती तिथे खरं बोलली तर घरी गेल्यावर मार खाणार, नाही बोलली तर बाकीचे म्हणणार बघा काही नव्हतंच. पाळकसाहेबांना सांगायचं ते तिने हो म्हटलं तरच आणि फक्त त्यांनाच, पंचकमिटीत नाही, कारण तो तिथेच बसतो. पाळकसाहेबांनी 'माणूस तसा चांगला आहे हो' असं सुरू केलं तर बिशपांचं ऑफिस आहे. प्रभुभोजनाचं ताट धरणारा माणूस घरी बायकोला मारतो हा मंडळीचाही प्रश्न आहे ना, नुसता तिचा नाही.

आता शपथेचं. तू शपथ घेतलीस आणि मग जोडीदारणीला सांगितलंस, त्याचं तुला लागून राहिलंय हे पत्रात दिसतंय. पण मला वाटतं गडबड आधीच झाली होती, शपथ घेतलीस तेव्हाच. भेटीला जाणाऱ्या माणसाने 'कोणालाच सांगणार नाही' असं कधीच म्हणायचं नाही. समोरचा म्हणाला ना, ताई एक सांगू, कोणाला बोलणार नाहीस ना, की तिथेच थांबवायचं आणि म्हणायचं की उगाच कुठे बोलणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जीवाला धोका असेल किंवा लहान मुलाचं काही असेल तर मी गप्प बसू शकत नाही, तेव्हा तुला आधी सांगून मग मदत घेईन. हे ऐकून काही जण गप्प होतात, होऊ दे, बहुतेक वेळा पुढच्या भेटीत बोलतात.

लहान मुलाचं काही म्हणजे लैंगिक अत्याचार असेल तर तुझ्या मनावर सोडलेलंच नाही कायद्याने. २०१२ चा पॉक्सो कायदा, त्यातलं १९ वं कलम, कळलं की पोलिसांना कळवायचंच, लपवलं तर लपवणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्यात पाळक, पंच, संडे स्कूलच्या बाई कोणालाही सूट नाही. तू तर शिक्षिका आहेस, शाळेत हे ऐकलंच असशील. चर्चच्या फाटकातून आत आलं की आपण ते विसरतो. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहे.

आणि तो प्रार्थनेचा ग्रुप. खरं सांगू का, आपल्याकडे चहाडीला सगळ्यात चांगले कपडे घालायचे असले की तिला प्रार्थना-विनंती म्हणतात. कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा पिऊन पडला, कोणाला कसली गाठ आलीये, सगळं 'कृपया प्रार्थनेत आठवण करा' आणि खाली हात जोडल्याचे तीस चाळीस इमोजी. आजारी माणसाला स्वतःच्या बायोप्सीचा रिपोर्ट कळायच्या आधी मंडळीला कळलेला मी पाहिलाय, वॉर्डात भेटायला आलेल्या बाईनेच कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. तेव्हा तुमच्या समितीपुरता तरी नियम करा की ज्याचं दुःख त्याने सांगितल्याशिवाय ग्रुपवर काही जाणार नाही, आणि गेलं तर त्याच्याच शब्दांत, तेवढंच. नाव न घालता कोडं घालणं बंद. देवाला नाव-पत्ता माहीत असतो, त्याला ग्रुपवर टाकून कळवायची गरज नाही.

आजोबांकडे येते. कार्ड आणि पिन याच आठवड्यात परत दे. तुझ्यावर संशय म्हणून नाही गं, तू पै न् पै आणून देत असशील, पण उद्या पुण्याचा मुलगा पासबुक भरून घेईल आणि एखादी रक्कम बापाला आठवणार नाही, मग तू काय दाखवणार? परत देताना दुसरं कोणीतरी सोबत असू दे, आणि पिन बदलून घ्यायला सांग. सत्तरीच्या पुढच्या लोकांना घरी येऊन पैसे द्यायची सोय करा असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, त्यांच्या शाखेत मुलाला जाऊन विचारू दे. पोस्टाच्या बँकेचा पोस्टमनही घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो, नोव्हेंबरातला हयातीचा दाखलासुद्धा करून देतो. मुलाला फोन तू कर, पण आजोबांना सांगून. कटकट नको म्हणून मुलांना काही सांगायचं नाही अशी या पिढीची सवय असते आणि मुलांना वाटतं मंडळीतले लोक आहेत ना.

रात्रीच्या फोनचं नुसतं एकटेपणा म्हणून सोडून देऊ नकोस. किती वाजता येतो, काय म्हणतात, ते बघ जरा. आडवं झालं की दम लागतो आणि उठून बसावं लागतं का, लघवीला सारखं उठावं लागतं आणि मग झोप येत नाही का, संध्याकाळनंतर बोलणं असंबद्ध होतं का. दम असेल तर हार्ट दाखवायला हवं, तिथे प्रार्थना करून फोन ठेवून चालणार नाही. म्हातारी माणसं दुखणं सांगत नाहीत, देवाचं नाव काढतात.

'प्रभूने आता न्यावं' हे आपल्याकडची जुनी माणसं जेवण झाल्यावर ढेकर दिल्यासारखं म्हणतात, तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण जेवण सुटलंय का, गोळ्या साठवून ठेवतायत का, वस्तू वाटून टाकतायत का, आजीच्या फोटोशी बोलणं वेगळं आणि आजीकडे जायची तयारी करणं वेगळं. शंका आली तर सरळ विचार, आजोबा, जीव द्यायचा विचार येतो का मनात. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट विचारणारं कोणी भेटलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, मुलाला बोलवायचं आणि डॉक्टर गाठायचा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, फुकट, रात्रीही, मराठीत बोलतात.

एवढं नसेल, नुसता एकटेपणाच असेल तर वेळ बांधून दे. मंगळवारी शाळा सुटल्यावर येईन, शुक्रवारी साडेसातला फोन करीन, आणि मग ते चुकवायचं नाही. फोन कधी येईल हे माहीत नसतं म्हणून माणूस सारखा लावत राहतो, ठरलेलं असलं की वाट बघतो. रात्री नऊनंतर फोन उचलायचा नाही, तातडीचं असलं तर शेजारी कोण आणि मुलाचा नंबर काय ते मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवून ये. आणि दर वेळी तूच कशाला, तरुण संघातली पोरं नाताळात भजनं म्हणत दारोदार हिंडतात तर एरवी एखाद्या शनिवारी आजोबांशी कॅरम खेळायला काय हरकत आहे.

शिक्षणाचं म्हणशील तर बायबलात प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढ. विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली, चांगल्या नावाची, पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली, डिग्री कुठे विचारलीये. आणि रडणाऱ्याला काय बोलावं, तर फार काही नाही. बायबलातल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंडं उघडली आणि बिघडलं. देवाची इच्छा होती, त्याला तिकडे गरज होती, तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे, ही वाक्यं दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायची.

दवाखान्यातल्या भेटीचं मात्र सिस्टर म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून तोंड त्याच्या तोंडाच्या पातळीला येईल असं बसा, हात धुऊन जा, स्वतःला सर्दी असेल तर जाऊच नका, पंधरा मिनिटांत उठा. डायबेटिसवाल्याला केक नेणाऱ्या लोकांना तर मी गेटवरच अडवलं असतं. प्रार्थना करायच्या आधी विचारा, करू का, आणि कशासाठी करू. हळू आवाजात करा, बाजूच्या खाटेवरचा माणूस आपल्या मंडळीचा नसतो आणि तोही आजारीच असतो. आणि प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करायला कोणी सांगत असेल तर तिथे गप्प बसू नका, अशांनी माणसं मारलीयेत.

आता सेवा सोडू का. तुझे मिस्टर जे म्हणतात ना, पगारी पाळक आहेस का, ते रागाने म्हणत असतील पण प्रश्न चुकीचा नाहीये. बायबलातला मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसायचा तेव्हा त्याचा सासरा इथ्रो बघायला आला आणि म्हणाला हे तू करतोस ते बरं नव्हे, तूही थकशील आणि लोकही थकतील, वाटून दे. त्याला बाहेरच्या माणसाने, घरच्या माणसाने सांगावं लागलं. मला वाटतं तू सोडू नयेस, पण आत्ता आहे तशी चालवूही नयेस.

अमेरिकेत सेंट लुईसला १९७५ साली स्टीफन मिनिस्ट्री म्हणून सुरू झालं, त्याच कृत्यांमधल्या सात जणांतल्या स्तेफनाच्या नावाने, मंडळीतल्या साध्या लोकांना पन्नास तास शिकवून मग भेटीला पाठवतात. त्यांचं सगळं आपल्याला जमणार नाही, पैसे नाहीत, पुस्तकं इंग्रजी. पण आठवड्यातून साधारण एक तास, बायकांकडे बाई आणि पुरुषांकडे पुरुष, आणि जाणाऱ्यांनी महिन्यातून दोनदा बसून एकमेकांना विचारायचं की तुझं कसं चाललंय, एवढं घ्यायला काय लागतं? तुमच्या समितीत पाचातल्या तिघी गेल्या त्या काही विश्वासात कमी पडल्या म्हणून नाही, त्यांना कोणी विचारलंच नसेल. मंडळीतली सेवानिवृत्त माणसं, नर्सा, मास्तर, तलाठी, सगळे रविवारी मागच्या बाकांवर बसून असतात, त्यांना कोणी हाक मारायची वाट बघत. आणि पुरुष एकही नाही तुमच्यात, आजोबांकडे खरं तर पुरुषाने जायला हवं होतं.

तर पाळकसाहेबांना भेट, एकटी नको, जोडीदारणीला घेऊन, आणि ती भगिनी हो म्हणाली असेल तर आपल्या चुकीचं ग्रुपवालं प्रकरण नाव न काढता आपणहून सांगा, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून कळेल. मग मागा काय मागायचं ते. अजून चार माणसं, त्यातले दोन तरी पुरुष. एकेकाकडे दोन-तीनच घरं. महिन्यातून एकदा त्यांनी स्वतः अर्धा तास तुमच्याबरोबर बसायचं, तीन मंडळ्या असल्या तरी. रिक्षा-पेट्रोलचा खर्च मंडळीच्या खात्यातून, व्हाउचरवर सही करून, लाजायचं नाही. आणि मे महिन्यात तुला सुट्टी, तेव्हा फोन दुसऱ्याकडे. पाळकसाहेब बहुतेक हो म्हणतील, त्यांनाही कोणीतरी हे काढायला हवंच असतं. पंचकमिटीत अडलं तर मला परत लिही, आणि त्या भगिनीची भेट झाली की त्याच दिवशी लिही, उत्तर सदरात न देता तुला वेगळं पाठवीन.